गोगलगायीच्या गावातली न हलणारी इमारत

चित्र १

मी एक जुनं काचेचं कपाट आहे. उंच, अरुंद आणि अगदी स्थिर.

मित्रांनो, या ओळीतला शेवटचा शब्द खोटा आहे. मी तो खोडणार होतो. मग वाटलं, राहू दे. आयुष्यभर मी स्वतःबद्दल हेच सांगत आलो. ज्या दुपारी ते खोटं ठरलं त्या दुपारची गोष्ट सांगायची, तर आधी थोडा वेळ तुम्हालाही तो शब्द खरा वाटायला हवा. मला तर अजूनही अधूनमधून वाटतो. धक्का असा लगेच उतरत नाही.

चित्र २

एका सुताराने मला एका औषधवाल्यासाठी बनवलं. औषधवाला भारी काटेकोर. तो म्हणाला, "एका बाटलीमागे दुसरी बाटली लपता कामा नये. घाईत हात चुकला तर माणूस हकनाक जायचा." म्हणून सुताराने मला फक्त एक वीत खोल केलं. उंची मात्र माणसाच्या डोक्यावर हातभर, कारण औषधं पुष्कळ आणि दुकान चिंचोळं.

"अहो, हे तोंडावर आपटेल," सुतार म्हणाला.

"मग आवळा की भिंतीला. तुम्हाला पैसे कशाचे देतोय?"

सुताराने दोन लोखंडी पट्ट्या मारून माझी पाठ भिंतीला आवळली. मला दोन दारं, आणि प्रत्येक दाराला बारा लहान लहान काचा. सकाळी दुकान उघडलं की त्या चोवीस काचांमधून रंगीत बाटल्या चमकत. आईच्या कडेवरची पोरं औषध कडू लागेल हे विसरून माझ्याकडे टकमक बघत राहत. औषधवाला माझ्या खांद्यावर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगे, "चाळीस वर्षं झाली, हे तसूभर हललेलं नाही."

तसूभर. हा शब्द मी पदकासारखा छातीवर लावला. माझ्यामागच्या त्या दोन पट्ट्यांचं कौतुक कुणी केलं नाही. मीही केलं नाही.

चित्र ३

औषधवाला थकला. दुकान बंद झालं. मी टेम्पोतून एका सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत आलो. पट्ट्या दुकानाच्या भिंतीलाच राहिल्या. माझ्या पाठीवर ही चार भोकं कसली, असं कुणी विचारलं नाही.

हमालाने मला उभं केलं तर मी डुगडुगलो. तिथली फरशी पुढच्या बाजूला किंचित उतरती होती. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी बुटांच्या एका निळ्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याच्या दोन जाड घड्या केल्या आणि माझ्या पुढच्या दोन्ही पायांखाली सारल्या. हात झटकले. म्हणाले, "झालं. आता भूकंप आला तरी हलायचं नाही."

पुढे तेवीस वर्षं माझ्या पोटात जुने वार्षिक अहवाल होते. ते कुणी वाचायला नेले नाहीत आणि कुणी परतही आणले नाहीत. काचांवर धूळ बसली. मागच्या भिंतीपलीकडे हात धुवायचं बेसिन होतं. त्याचा पाइप गळायचा आणि ते पाणी माझ्या फरशीखाली जिरायचं. मला ते ऐकू यायचं. मला वाटायचं, असेल काहीतरी, आपल्याला काय त्याचं.

चित्र ४०

(मधली चित्रं गाळली आहेत. त्यांत नुसती धूळ आहे.)

एके शनिवारी दार उघडलं आणि एक ताई आत आली. तिच्या खांद्यावर कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड होता, आणि तिच्यामागून आठ मुलं घुसली. खोलीत एकदम बाजार भरला.

"काका, हीच खोली देताय ना? नक्की?" ताईने विचारलं.

"घ्या की. इथे झुरळाशिवाय कुणी फिरकत नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"ताई, झुरळाचाच सिनेमा करू या!" हे म्हणाला तो मुलगा पुढे बडबड्या या नावाने ओळखला गेला. आईने ठेवलेलं नाव त्यालाही आठवत नसावं.

ताई मुलांना चित्रपट बनवायला शिकवणार होती. पण पळणाऱ्या माणसांचा नव्हे, न पळणाऱ्या वस्तूंचा. मातीचं एखादं बाहुलं करायचं, मोबाइलने त्याचा एक फोटो काढायचा. मग ते नखाएवढं सरकवायचं, पुन्हा फोटो. पुन्हा नखभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो, आणि ती मेलेली माती चालू लागते. मुलांचा विश्वास बसेना. माझाही बसला नाही. तेव्हा ताईने एक खोडरबर घेतला, बारा फोटो काढले आणि भराभर दाखवले. खोडरबर टेबलावरून चालत गेला आणि खाली डोकावला.

आठही मुलांची तोंडं उघडी. पिटुकली म्हणून सगळ्यांत लहान मुलगी होती, ती टेबलाखाली जाऊन खोडरबराला विचारू लागली, "कुठे चाललास रे?"

ताई प्रत्येक फोटोआधी ओरडायची, "थांबा! हात बाहेर! टिप!" थांबा म्हटलं की सगळ्यांनी असतील तिथे पुतळा व्हायचं. कुणी हललं की सावली हलते आणि चित्र बिघडतं. पहिल्याच दिवशी मुलांनी तिचं नाव थांबताई ठेवलं. तिला ते कळलं आणि आवडलं. सरावासाठी ती मध्येच, पाणी पिताना, चपला घालताना, अचानक "थांबा!" म्हणायची. बडबड्या एका पायावर आणि अर्ध्या जांभईत थांबलेला मी पाहिला आहे.

चित्र ४१

गोष्ट कोणती करायची यावर भांडणं झाली. शेवटी ताई म्हणाली, "पहिलाच सिनेमा आहे, तर पाय नसलेला नट घ्या. पाय चालवता चालवता रडकुंडीला याल." म्हणून गोगलगाय ठरली. ती पोस्टमन असते. एका उंच इमारतीत पत्र पोचवायचं असतं. ती अख्खं गाव ओलांडून इमारतीच्या दाराशी येते, तोवर पत्र लिहिणारा स्वतःच तिथे राहायला आलेला असतो.

"इमारत कशाची करायची?"

आणि मोजपट्टी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही काय."

मोजपट्टी ही नऊ वर्षांची मुलगी. वडील गवंडी, म्हणून हिला वाटेल ते मोजायची खोड. वितीने बाक मोज, पावलांनी खोली मोज, बोटांनी बडबड्याचं नाक मोज. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "बारा न् बारा चोवीस खिडक्या. आयती."

मित्रांनो, तेवीस वर्षांनी कुणीतरी माझ्या काचा मोजल्या होत्या.

मुलांनी त्या पुसल्या. आतून पिवळे कागद लावले, म्हणजे खिडक्यांत दिवे लागल्यासारखे दिसतील. अहवालांचे गठ्ठे खालच्या कप्प्यांतून उपसून माझ्या डोक्यावर रचले, कारण खालच्या खिडक्यांमागे मुलांना मातीची माणसं बसवायची होती. मातीची खोकी, रंग, खिळे, पकडी, जे जे म्हणून सेटवर नको ते सगळं माझ्या डोक्यावर गेलं. माझ्यापुढच्या फरशीवर पुठ्ठ्याची घरं, वाळूचा रस्ता आणि मातीचे दिव्याचे खांब आले. मुलं माझ्या पायाशी पोटावर झोपून काम करू लागली.

ताईने कॅमेरा अगदी समोर न लावता कोपऱ्याकडून लावला. "अशी दोन बाजूंनी दिसली की इमारत खरी वाटते," ती म्हणाली. चित्रात डावीकडे मुलांचा रस्ता, मध्ये मी, आणि माझ्या उजवीकडे भिंतीतली खिडकी. मग ती मोबाइलमध्ये वाकून बघायला लागली.

"हे निळं काय दिसतंय खाली?"

"पुठ्ठा आहे, ताई. पायाखाली घातलाय."

"इमारतीच्या पायाखाली बुटांचं खोकं? छे! काढा ते."

"काढू?" मोजपट्टीने विचारलं. "कुणीतरी मुद्दाम घातलं असेल."

"धर, मीच काढते."

ताईने मला खांद्याने किंचित मागे रेटलं आणि दोन्ही घड्या ओढून काढल्या. मी पुढे बसलो. करर असा आवाज झाला.

"इमारत बोलली!" पिटुकली टाळ्या पिटत म्हणाली.

सगळे हसले. मित्रांनो, मीही हसलो असतो. माझ्या खिडक्यांत दिवे होते, पायाशी मुलं होती आणि मी सिनेमात होतो. दोन पुठ्ठ्यांचं कुणाला सुतक?

चित्र ४१, पुन्हा

हे चित्र मी पुन्हा दाखवतो आहे, कारण चूक याच दिवशी झाली. एक नव्हे, दोन. पहिली तुम्ही पाहिली. दुसरी इतकी शहाणी होती की ती चूक आहे हे कुणाच्या बापालाही कळलं नसतं.

मोबाइल दर वेळी घरी न्यावा लागे. पुढच्या शनिवारी तो पुन्हा स्टँडवर लावायचा, तर पहिल्याच जागी, पहिल्याच कोनात लागायला हवा, नाहीतर सिनेमात धक्का बसतो. त्यासाठी मोबाइलमध्ये एक सोय होती. मागचा शेवटचा फोटो पडद्यावर पुसटसा दिसत राही. मुलं त्याला भूत म्हणत. भुतावर आजचं चित्र नेमकं बसवायचं. आता चित्रात दहा वस्तू. कुठली जुळवायची?

ताईने नियम घालून दिला. "कपाटाची उभी कड जुळवा. बाकी काहीही हलेल, कपाट हलत नाही."

मोजपट्टीने वहीत लिहूनही घेतलं. कपाट हलत नाही.

मी ते ऐकलं आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, औषधवाल्याच्या थापेनंतर असं कुणी बोललंच नव्हतं.

चित्र ४२ ते ३३९

टिप. टिप. टिप.

सहा आठवडे. दर शनिवार, दर रविवार. गोगलगाय नखानखाने पुढे आली. पाऊणशे फोटोंनंतर तिचं एक शिंग गळालं, नवीन लावलं. एकदा बडबड्याच्या कोपराचा फोटो निघाला. ताई म्हणाली, "असू दे, गावात डोंगर आला समज." एकदा दोघी बहिणींचं भांडण झालं, पुठ्ठ्याचं घर कोणी तुडवलं यावरून. ताईने भांडण मिटवलं नाही, तिने दोघींना घर कोसळण्याचे वीस फोटो काढायला लावले. शेवटी दोघी इतक्या खूश झाल्या की दुसरं घर पाडायला निघाल्या.

मुलं बदलत होती. हात लावू नको म्हटलं की हटकून हात लावणारी पोरं आता श्वास धरून बसत. बडबड्या अख्खं मिनिट गप्प राहू शकतो हा शोध लागला. "ताई, माझ्या आईला सांगू नकोस हां," तो म्हणाला, "घरीपण गप्प बसवेल."

आणि दर वेळी कुणीतरी डोळा बारीक करून म्हणायचं, "कपाटाची कड... थोडा डावीकडे कलव... अजून... बसलं भुतावर!"

थोडा डावीकडे. दर वेळी थोडा डावीकडे. केसभर. मी हे बारा वेळा ऐकलं, मित्रांनो. बारा वेळा, आणि मला एकदाही शंका आली नाही की स्टँड रोज रोज का कलवावा लागतो.

चित्र ३४०

त्या दुपारी ताईने लॅपटॉप उघडून खोलीतच बाकावर ठेवला. तीनशे फोटो, पंचवीस सेकंद. मुलं माझ्यापुढे दाटीवाटीने बसली. मी त्यांच्या डोक्यांवरून पाहत होतो. मी स्वतःला प्रथमच पाहणार होतो.

सिनेमा सुरू झाला.

गोगलगाय चालली! आठ जण एकदम किंचाळले. ती खरंच चालली, शिंगं हलवत, वाटेत थांबून विचार करत. आणि तिच्यामागे मी. काय सांगू! चोवीस खिडक्यांची झगमगती इमारत. ताठ. सरळ. माझी मान ताठ होती, एवढंच म्हणतो.

मग कुणीतरी म्हणालं, "ए, गोगलगाय उताराला लागली."

रस्ता तिरका होऊ लागला होता. हळूहळू अख्खं गाव एका बाजूला कललं. पुठ्ठ्याची घरं कलली. दिव्याचे खांब कलले. भिंतीतली खिडकीसुद्धा कलली, बुडत्या जहाजावरच्यासारखी. सगळं जग कलत चाललं होतं आणि मधोमध मी एकटा सरळ.

मुलांची हसून हसून पुरेवाट झाली. बडबड्या बाकावरून तिरका तिरका घसरत खाली पडला आणि म्हणाला, "वाचवा! खोली उलटली!"

मला वाटलं, बघा, सगळे वाकले, मी नाही वाकलो. हे मला वाटलं. हे मी लपवणार नाही.

"हात्तिच्या," ताई म्हणाली. "स्टँडची पकड सैल झालेली दिसते. मोबाइल कलत गेला. शेवटचे शंभर फोटो पुन्हा काढावे लागणार, बाळांनो."

"आई गं!" सगळे विव्हळले, पण उठले. बडबड्या, पिटुकली आणि त्या दोघी बहिणी माझ्या पायाशी पोटावर झोपून रस्ता नीट करू लागल्या.

मोजपट्टी उठली नाही. ती लॅपटॉपला नाक लावून बसली होती.

"ताई, मोबाइल कलला, तर कपाट पण कलायला हवं ना?"

"हं?"

"सगळं कललं. कपाट तेवढं नाही कललं. असं कसं?"

"अगं, कपाटावरूनच आपण जुळवत होतो. म्हणून ते सरळ दिसतं."

"तेच म्हणते मी." मोजपट्टीने डोकं खाजवलं. "खिडकी भिंतीत आहे. ती तर हलणार नाही. मग सगळं ज्याच्यावरून जुळवलं, तेच..."

तिने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, साठावर वर्षांत माझ्याकडे पुष्कळांनी पाहिलं. असं कुणी पाहिलं नव्हतं.

चित्र ३४१

"काहीतरीच तुझं," ताई म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. "डोळ्यांना तर सरळ दिसतंय."

"रोज बघतो म्हणून दिसतं. बाबा म्हणतात, डोळा लबाड असतो. ताई, वरून दोरा धर ना. माझा हात पोचत नाही."

मोजपट्टीने दोऱ्याच्या टोकाला मातीचा गोळा लावला. गवंडी भिंत उभी आहे की कललेली हे ओळंब्याने बघतात, हा तिचा ओळंबा. ताईने टाचा उंचावून दोऱ्याचं वरचं टोक माझ्या माथ्याच्या पुढच्या कडेला धरलं. गोळा फिरला, डुलला, शांत झाला.

तो माझ्या पायाला लागून राहायला हवा होता.

माझा पाय आणि गोळा यांच्यामध्ये मोजपट्टीने बोटं घातली. एक. दोन. तीन. चार.

"चार बोटं, ताई."

चार बोटं! मी! ज्याच्यावरून सगळं गाव सरळ मापलं, तो मी चार बोटं पुढे झुकून, माथ्यावर मणभर अहवाल घेऊन, चार पोरांच्या पाठींवर उभा होतो. माझ्या आत काहीतरी थंड झालं. मला वाटलं ते लाकूड असेल. ती लाज होती.

ताई खाली वाकली. माझ्या पायाखालची फरशी तडकून आत खचली होती. तिच्याखाली माती उरलीच नव्हती, पाण्याने कधीच वाहून नेली होती. आणि त्याच क्षणी ती फरशी बोलली.

कट्.

माझ्या डोक्यावरून धूळ सांडली.

ताईच्या तोंडून तेच बाहेर पडलं जे सहा आठवडे पडत होतं.

"थांबा!"

चित्र ३४२

आठही मुलं थिजली.

असतील तिथे. असतील तशी. मोजपट्टी बाजूला, तिघं बाकापाशी, आणि चार जण थेट माझ्याखाली, पोटावर, हात पुढे केलेले, श्वास धरलेले. इतकी सुंदर थांबली होती. तिनेच शिकवलं होतं.

चित्र ३४३

ताईने दोन्ही तळवे माझ्या दारांवर टेकवले आणि अंग लोटलं. माझा सगळा भार तिच्या मनगटांत गेला.

"नाही, थांबू नका. म्हणजे..."

कुणी हललं नाही. दात न उघडता बडबड्या पुटपुटला, "ताई, हललं तर चालेल का?"

चित्र ३४४

सगळे एकदम धडपडले असते, तर त्या फरशीने तेवढी वाट पाहिली नसती. ताईला ते कळलं असावं. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता, पण आवाज मात्र रोजचा. अगदी रोजचा.

"ऐका. आता तुम्ही गोगलगायी. मी नाव घेईन तीच सरकेल. नखभर. आवाज नाही. पिटुकली, टिप."

पिटुकली सरकली.

"पुन्हा. टिप."

चित्र ३४५

"टिप."

चित्र ३४६

"टिप. शाब्बास. आता मोठी बहीण."

चित्र ३४७

डोक्यावरच्या अहवालातला एक पिवळा कागद सुटून धाकट्या बहिणीच्या केसांवर पडला. तिने तो काढला नाही.

चित्र ३४८

दोघी बहिणी बाहेर. मोजपट्टीने त्यांना हाताला धरून दाराकडे लावलं आणि मोठीला दबक्या आवाजात सांगितलं, "ग्रंथपाल काकांना बोलव. पळू नको. दाराबाहेर गेल्यावर पळ."

चित्र ३४९

बडबड्या शेवटचा. त्याचा शर्ट मातीच्या खांबात अडकला होता. तो काहीच बोलत नव्हता. मला त्याची बडबड हवी होती, मित्रांनो. मला कुणीतरी काहीतरी गमतीचं बोलायला हवं होतं.

"टिप, राजा."

खांब मोडला. तो बाहेर आला.

चित्र ३५०

माझ्याखाली आता फक्त ताई होती.

तिला सोडता येईना. हात काढले की मी येणार, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी स्वतःला मागे ओढून धरलं, असं मला इथे लिहायचं होतं. अशा गोष्टींमध्ये आम्ही वस्तू तसं करतो म्हणे. पण मी काही केलं नाही. मला करता येत नाही. मी फक्त जड होतो.

"काका येईपर्यंत..." ताई म्हणाली.

कट्.

"ताई," दारातून मोजपट्टीचा आवाज आला. ती गेली नव्हती. "ताई, आता तू. डावा पाय. नखभर."

"तू बाहेर जा आधी!"

"जाते. डावा पाय. टिप."

ताईने डावा पाय सरकवला.

"उजवा. टिप. एकच हात ठेव. कडेला. अजून. अजून, ताई. आता हात बाहेर!"

चित्र ३५१

हे चित्र कोरं आहे.

चित्र ३५२

आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. ग्रंथपाल दारात आले तेव्हा मी तोंडावर पडलो होतो. गाव माझ्याखाली होतं, गोगलगाय माझ्याखाली होती. चोवीस काचांमधली एकही शाबूत नव्हती. ताई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आठ मुलं तिला चिकटली होती. ती पुन्हा पुन्हा डोकी मोजत होती. आठ. पुन्हा आठ. पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, पण हे तेवीस वर्षं उभं होतं!" ग्रंथपाल म्हणाले. "याला झालं काय एकाएकी?"

"एकाएकी नाही, काका," मोजपट्टी म्हणाली. "सहा आठवडे."

मग पालक आले. गवंडी बाबा सिमेंटच्या हातांनीच आले. प्रश्नांचा गलका झाला. कपाट इथे ठेवलं कुणी, पाइप दुरुस्त का नाही केला, पुठ्ठा काढला कुणी? या शेवटच्या प्रश्नावर मुलं खाली बघू लागली. आठही मुलं ताईला सांभाळून घ्यायला तयार होती. बडबड्याने तर तोंड उघडलंही होतं, "ते आपोआप..."

"मी काढला," ताई म्हणाली. "चित्रात वाईट दिसत होता म्हणून. मुलीने विचारलं होतं, काढू का. मी ऐकलं नाही. आणि कपाट हलत नाही, हेही मीच शिकवलं."

ती सारवासारव करील, असं सगळ्यांना वाटलं असावं. गवंडी बाबा मात्र खाली बसले, फरशीच्या खड्ड्यात हात घालून बघितलं, आणि म्हणाले, "बाई, चूक झाली. पण पोरं तुम्ही शिकवलीत म्हणून निघाली. दुसरी असती तर एकमेकांवर पडली असती." मग मोजपट्टीकडे वळून, "आणि तू काय गं, बाहेर जा म्हटलं तर जायचं नाही?" आणि तिला पोटाशी धरून ते रडले. मुलीसमोर ते पहिल्यांदाच रडले असणार, कारण ती इतकी दचकून बघत होती.

चित्र ३५३

मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. मुलांनी देऊ दिलं नाही. आता मी आडवा आहे. काचा काढून टाकल्या, दारं काढली, पाठ वर करून मला भिंतीशी विटांच्या थरांवर निजवलं. पाइप नवा झाला, फरशी नवी झाली. मी गुडघ्याएवढा उंच आहे आणि माझ्या पाठीवर मुलं नवा सिनेमा करतात. आता कुणी पडलंच तर तेवढ्याच उंचीवरून पडेल. औषधवाला आता मला ओळखणार नाही. मीही सुरुवातीला ओळखलं नाही.

मोजपट्टीने एक वेगळाच सिनेमा काढला आहे. त्यात नट नाही. दर शनिवारी ती दारातून, एकाच जागेवरून, खोलीचा एक फोटो काढते. आता जुळवताना ती एकच कड बघत नाही. खिडकी बघते, दार बघते, कोपरा बघते, आणि तिघांचं एकमत झालं तरच टिपते. काल वर्ष झालं. बावन्न फोटो, सव्वाचार सेकंद. सगळे बघायला बसले. पंखा जागेवर होता. भिंती जागेवर होत्या. मी जागेवर होतो, नीट बघितलं.

हलत होती ती माझ्या पाठीवर ओळीने बसलेली मुलं. सव्वाचार सेकंदांत पिटुकलीचे पाय जमिनीला टेकले. बडबड्याची मनगटं बाह्यांतून बाहेर आली. ताईच्या कपाळावरची एक बट पांढरी झाली.

"अय्या," ताई एवढंच म्हणाली आणि केसांना हात लावून बसली. कुणी हसलं नाही. मला तर पुन्हा तसाच धक्का बसला. ही मुलं दर शनिवारी येत होती आणि मला दर शनिवारी तीच वाटत होती.

मित्रांनो, म्हणून एवढंच मागतो. "ते कुठे जातंय" असं ज्याच्याबद्दल तुमच्या घरात म्हणतात, आज तिथे जा. ते कपाट असेल, जिना असेल, आजोबा असतील. कुणी सरळ म्हणतं म्हणून सरळ समजू नका, आणि तेही स्वतःला सरळ म्हणत असेल तर मुळीच नका. त्याला कळत नसतं. जवळ बसा. पायाशी बोटं घालून बघा.